वितळ

बर्फाच्या कारखान्यात वही माझ्याकडे होती.
एकतीस वर्षं. लश्करात, कंपूच्या बाजूला,
जिथे अमोनिया आधी डोळ्यांना सापडतो
आणि मग नाकाला.

पुण्याची मावसबहीण म्हणते, लादी म्हण गं.
आम्ही सिल्लीच म्हणतो.
निघालेलं वजन, पोचलेलं वजन,
आणि कडेला एक अरुंद रकाना: वितळ.
छावणीपर्यंत शेकडा चार. मुरारपर्यंत नऊ.
मेमधल्या दुपारच्या ठेल्याला बारा माफ.
तेरावा रामरतनच्या मजुरीतून कापायचा,
आणि तो कापायची मी.

रिटायर झाले तेव्हा मालकांनी शाल दिली.
जूनमध्ये.
त्या शालीवरूनच सुचलं असेल.

एकटीच?
दिल्लीच्या व्हिसा-खिडकीतल्या मुलीने विचारलं,
भाच्याने फोनवर, दोनदा,
भदौरिया भाभींनी जिन्यात:
अकेली? और वहाँ है क्या?
बर्फ, म्हटलं.
त्या इतक्या हसल्या की हातातली कोथिंबीर पडली.
जिज्जी, तुम? तुम बर्फ देखने जाओगी?

मेळ्यात घेतलेला कोट हातावर टाकून
सत्तेचाळीस डिग्रीत प्लॅटफॉर्मवर उभी होते.
हमालाने आधी कोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि बॅग जरा जपूनच उचलली.

शेवटच्या विमानात शेजारची सीट रिकामी.
तिच्यावर कोट बसवला, पट्टा लावला.

स्वालबार्डला त्या दिवसांत रात्र होत नाही.
दिवेलागण कधी करायची कळेना.
घड्याळात सात वाजले की पडदा ओढायचे, हात जोडायचे,
आणि फटीतून ऊन यायचं,
उशीवर, नाकावर, निर्लज्जासारखं.
हॉटेलात चपला दाराशी काढतात.
तेवढं एक घरचं.

तिसऱ्या दिवशी बोट हिमनदीपर्यंत.
सिनोवे नावाची मुलगी वाट दाखवायला, खांद्यावर बंदूक,
अस्वलासाठी, म्हणाली, पण वापरली नाही कधी.
पहिल्यांदाच बघताय इतका बर्फ?
मी हिशेब करू लागले, मग सोडून दिला.
मला आधी वासच येईना.
इतका बर्फ, आणि डोळ्यांत पाणी नाही.

दादा गेले ती बावीस मे.
भाऊ बंगळूरहून यायचा होता.
रामरतनने दोन सिल्ल्या आणल्या, भुसा झाडून,
तीन मजले चढून, जिन्यावर थेंबांची ओळ.
रात्रभर मी परात रिकामी करत होते,
मोरीत, मग बादलीत, मग कुंडीतल्या मोगऱ्याला,
मग वाटलं, हे मोगऱ्याला घालू नये.
तेराव्यानंतर कामावर गेले, वही उघडली.
नावे: स्वतः. वजन लिहिलं.
वितळ: शेकडा शंभर.
मालकांनी चष्मा काढला, पुसला, सही केली.

मी शाळेत होते तेव्हा बर्फ इथवर होता,
सिनोवे म्हणाली, आणि बुटाने एक दगड दाखवला.
साधा दगड. शेवाळसुद्धा नीट धरलेलं नाही.
त्याच्यापुढे मोकळी खडी, मग पाणी, मग आणखी पाणी,
आणि पार तिकडे ती निळी कड.
मी डोळ्यांनीच मापलं. खोड जात नाही.
निघालं तेवढं. पोचलं एवढं.
तेरावा टक्का इथे
कोणाच्या मजुरीतून कापतात,
हे इंग्रजीत विचारता आलं नाही.

तिने पाण्यातून एक तुकडा काढून दिला.
कानाशी धर, म्हणाली.
आत कसली कसली जुनी हवा तडतडत होती,
मोहरी तेलात पडल्यासारखी.
हातमोजा भिजेपर्यंत ऐकत राहिले.

धक्क्यावर आल्यावर रामरतनला फोन लावला.
तिकडे रात्रीचे अकरा, लाइट गेलेली,
कोणाचं तरी मूल रडत होतं.
कैसा है माल, बाईजी?
साफ है, म्हटलं. एकदम साफ.
फिर?
भूसे में लपेटा नहीं किसी ने.
तो काही वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, हमें बुलाते तो.